पानामागचा भाडेकरू

मी एक छोटा झाडबेडूक आहे. छोटा म्हणजे किती, तर तुमच्या अंगठ्याच्या नखावर बसेन आणि तरी थोडी जागा उरेल.

मित्रांनो, माझा जन्म डोंगरावरच्या दाट जंगलात झाला. तिथे धुकं होतं, ओली पानं होती आणि साप होता. एके दिवशी माणसांनी माझं झाड मुळासकट उपटून कुंडीत लावलं. पानामागे झोपलेला मीही त्याच्यासोबत या कचेरीत आलो. इथे साप नाही. इथे दर सोमवारी पानं चमकवतात.

ते काम मावशींचं. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात चकाकी आणणाऱ्या औषधाची बाटली. मी कातडीनेही श्वास घेतो. ते औषध अंगावर पडलं की माझा कारभार आटोपलाच! बाटलीचा फुस्स आवाज आला की माझी पाचावर धारण बसायची. मी या पानामागून त्या पानामागे सरकायचो, पण तोंडातून अवाक्षर काढायचो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एका सोमवारी सरकायला पानच उरलं नाही. बाटलीचं तोंड थेट माझ्यासमोर आलं. काय करणार? होता नव्हता तेवढा जोर लावून मी ओरडलो.

मावशी किंचाळल्या. बाटली फरशीवर पडली.

"काय झालं हो?" साहेबांनी आतून विचारलं.

"काही नाही साहेब, हात घसरला." मग त्या वाकून हळूच म्हणाल्या, "अरे बाळा, एवढासा जीव, आणि केवढं घाबरवलंस मला!"

मी घाबरवलं! मला हसू आलं असतं, पण मी अजून पानाला घट्ट चिकटून होतो.

तेव्हापासून माझ्या झाडाला फक्त पाणी आणि ओलं फडकं. अशी दोन वर्षं गेली. मग मावशींचा कामाचा शेवटचा दिवस आला. त्या नव्या बाईंना सांगत होत्या, "या झाडाला औषध नको. आधी पान उलटून बघायचं, मग पुसायचं."

"का हो?"

साहेब जवळच उभे होते. त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला बाहेर फेकलं असतं. म्हणून मावशी एवढंच म्हणाल्या, "मी सांगते म्हणून."

"बरं बरं," बाई म्हणाल्या. त्या मोबाईलमध्ये बघत होत्या.

आज सोमवार आहे. मावशी नाहीत. फुस्स आवाज शेजारच्या कुंडीपर्यंत आला आहे. मला फार भीती वाटते आहे.

मित्रांनो, पान पुसण्याआधी एकदा उलटून बघत जा. मी आता ओरडतो आहे. कोणीतरी ऐका.