अर्धा ठसा

"खारट आहे," फळीवरून जीभ उचलत मापारी म्हणाला आणि बाजूला थुंकला.

मालक हसला. "काका, तुमच्या जिभेला सगळंच खारट लागतं. आपल्याच डोंगराची झाडं आहेत ही. सही करा, दुपारी गाडी निघायचीय."

वखारीत एकतीस वर्षं लाकूड मोजणाऱ्या या माणसाचा स्वभावच तसा. घरी दूध आलं तरी आधी वास घ्यायचा. बायको म्हणायची, "माझ्यावर नाही तर नाही, निदान म्हशीवर तरी विश्वास ठेवा!" वखारीत मात्र हाच संशय कामाला यायचा. त्याच्या सहीचा माल आजवर कुणी परत पाठवला नव्हता.

घरात मात्र हा संशय एकदा नडला. वखारीचा लाकूड चिरायचा आरा चालवायचा त्याचा धाकटा मेहुणा. दीड वर्षापूर्वी आरा बिघडला, मालकाने मेहुण्याकडे बोट दाखवलं आणि मापाऱ्याने चारचौघांत त्याला विचारलं, "काय घोळ घातलास तू?" आरा बंद पडला, मेहुण्याचं काम गेलं, आणि ओंडके चिरून आणायचं मालक परस्पर बघू लागला. तेव्हापासून बायको भावाकडे एकटीच जायची.

आजच्या फळ्या एका शाळेच्या बाकांसाठी होत्या. शाळेची अट एकच, लाकूड जवळचं हवं. लांबून लाकूड आणताना जहाजं आणि ट्रक जो धूर ओकतात, तो मुलांच्या बाकांपायी नको. कागदावर तसा रकानाच होता: तोडीपासून वखारीपर्यंतचा प्रवास. मालकाने तो भरून ठेवला होता. वीस किलोमीटर.

"डोंगराला समुद्र कधीपासून लागला?" मापाऱ्याने विचारलं.

"हमालांचा घाम असेल," म्हणत मालक फोन कानाला लावून बाहेर गेला.

कुठेतरी पाणी मुरत होतं. माल परदेशी आणि नाव आपल्या डोंगराचं, दुसरं काय! मापारी एकेक फळी उलटीपालटी करू लागला. एका फळीच्या टोकाला अर्धा गोल ठसा दिसला. शेजारच्या फळीवर उरलेला अर्धा. दोन्ही फळ्या त्याने एकमेकींना भिडवल्या. आत चांदणी होती आणि चांदणीचं एक टोक तुटलेलं होतं.

हा ठसा त्याच्याच हातोड्याचा होता. ओंडका मोजून झाला की त्याच्या तोंडावर तो हाच ठसा मारायचा.

मापाऱ्याने दोन्ही फळ्या बाजूला ठेवल्या. लाकूड खरंच आपलं होतं. मग मीठ कुठलं?

मालक परत आला तेव्हा मापाऱ्याने सरळच विचारलं, "माझे ओंडके कुठे गेले होते?"

मालकाचा आवाज खाली आला. "चिरायला. समुद्रापलीकडे मोठे कारखाने आहेत, तिथे स्वस्तात चिरून मिळतं. झाड आपलं, वखार आपली. खोटं काय लिहिलंय मी?"

"आणि आपला आरा? तो बिघडला होता की बिघडवला होता?"

मालकाने नजर चुकवली. मापाऱ्याला उत्तर मिळालं.

त्याने कागद ओढला. 'वीस किलोमीटर' या शब्दांपुढे लिहिलं, 'शिवाय समुद्र, दोन वेळा.' खाली सही केली.

"काका, अहो, माल परत येईल!"

"येऊ द्या. त्याला सवय आहे प्रवासाची."

निघताना त्याने त्या दोन फळ्यांची टोकं करवतीने कापून घेतली. संध्याकाळी तो मेहुण्याच्या दारात उभा राहिला. मेहुण्याने दार उघडलं, पण 'या' म्हटलं नाही. मापाऱ्याने पिशवीतून दोन्ही तुकडे काढून त्याच्या हातात दिले.

मेहुण्याने चिरलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. "हे आपल्या आऱ्याचं काम नाही."

"नाही. समुद्रापलीकडचं आहे. आरा तू बिघडवला नव्हतास. चुकलो मी."

मेहुणा बराच वेळ दोन्ही अर्धे एकमेकांना लावून बघत राहिला. मधे बारीक फट उरत होती.

"पुरतं नाही जुळायचं, भावोजी," तो म्हणाला. "मधलं चिरताना आऱ्याने खाल्लंय."

मग तो दारातून थोडा बाजूला सरकला.