गप्प म्हणजे होकार

संत निकोलाच्या दिवशी सर्बियातल्या नोवी सादमध्ये निम्मं शहर यजमान असतं आणि निम्मं पाहुणं. स्लावाला, म्हणजे घराच्या संताच्या सणाला, आमंत्रण देत नाहीत. यायचं ते येतात, आणि जो येत नाही त्याचं नाव वर्षभर निघतं. म्हणूनच ओलिवेरा राडोशच्या दारात उभी होती, नाहीतर आज ती या गल्लीत फिरकलीसुद्धा नसती. बुटांना बांधावरचा चिखल होता.

राडोश तिचा कुम, म्हणजे मानलेला नातलग, आणि ती त्याची कुमा. तिच्या लग्नात साक्षीला तोच उभा राहिला, तिच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानंच हातावर घेतलं. भावाशी भांडता येतं, कुमाशी नाही. भाऊ देवानं दिलेला असतो, कुम आपण निवडलेला.

"आलीस का कुमा! किती उशीर? मासा तुझ्या नावानं रडतोय!" राडोश आतूनच ओरडला.

त्याच्या म्हाताऱ्या आईनं शिजवलेल्या गोड गव्हाचं ताट पुढे केलं. ओलिवेरानं छातीवर क्रूसाची खूण केली, चमचाभर गहू तोंडात टाकले.

"अजून घे गं पोरी. किती वाळलीस!"

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. इथे तर साखर होती.

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले होते. सहाला मुदत संपत होती.

मोठ्या पुरानंतर देशोदेशींच्या लोकांनी पैसे पाठवले, तेव्हा नदीसाठी काम करणाऱ्या मंडळींनी, ओलिवेरा आणि राडोश त्यांतलेच, एक सामाईक खजिना उभा केला. अध्यक्ष नाही, खजिनदार नाही, कचेरी नाही. अध्यक्ष त्यांनी आयुष्यात फार बघितले होते. पैसे संगणकाच्या कुलपात आणि किल्ली कुणा एकाच्या हातात नाही. काम करायचं असेल त्यानं अर्ज करावा, हप्त्यानं पैसे घ्यावेत, दर हप्त्याला झालेलं काम दाखवावं. तीन दिवसांत कुणी हरकत घेतली नाही की पुढचा हप्ता आपोआप सुटणार. गप्प म्हणजे होकार. हरकत घ्यायची तर उघड नावानं, पदरची अनामत ठेवून, आणि मुदतीच्या आत दुसऱ्या सभासदानं दुजोरा द्यायला हवा. नाही दिला तर हरकत बुडाली आणि अनामतही. बोलणाऱ्याला दंड आणि गप्प बसणाऱ्याला जेवण! असला नियम शहाण्यासुरत्या माणसांनाच सुचतो.

राडोशनं तिसा नदीच्या बांधावर पाण्याची पातळी मोजणाऱ्या पेट्या बसवायचं काम घेतलं होतं. पाणी चढलं की गावात भोंगा वाजणार. त्याच्या पुढच्या हप्त्याची मुदत आज सहाला संपत होती, आणि त्याच्या अहवालात सगळं होतं. खांब, पेट्या, पेट्यांवरचे हिरवे दिवे, पाण्याचे आलेख. ओलिवेरा आज सकाळी सहज म्हणून बघायला गेली. सहज म्हणजे काय, कुमाचं काम डोळे भरून बघावं आणि संध्याकाळी त्याच्याच टेबलावर त्याचं कौतुक करावं म्हणून. खांब होता. पेटी होती. हिरवा दिवा लुकलुकत होता. झाकण सैल वाटलं म्हणून तिनं ते घट्ट करायला उघडलं, तर आत एक बॅटरी आणि तो दिवा. बाकी नुसती हवा. पुढच्या गावात तेच. त्याच्या पुढच्या गावात तेच.

तिथे एक बाई कोंबड्यांना दाणे टाकत होती. म्हणाली, "फार चांगलं काम केलंत बाई तुम्ही. पूर आला तेव्हा नवरा माळ्यावर रात्र काढून गारठला होता. आता तो हिरवा दिवा बघितला की आम्ही पाय पसरून झोपतो."

बुटांवरचा तो चिखल घेऊन ती तशीच इथे आली होती.

तिनं राडोशला स्वयंपाकघरात गाठलं. तो माशाचे तुकडे ताटात रचत होता.

"कुम, पेट्या रिकाम्या आहेत."

त्याचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "जकातीत अडकलंय सामान. सप्टेंबरपासून. जकात भरायला पुढचा हप्ता हवा."

"मग तसं लिही ना!"

"लिहिलं तर हप्ता थांबतो. थांबला तर सामान सुटत नाही. सुटलं नाही तर वसंतात पेट्या रिकाम्याच. कळतंय का?"

"आणि आलेख?"

"वरच्या धरणाचे. थोडे सरकवलेले." तो हसायला गेला, जमलं नाही. "वसंतापर्यंत भरतो सगळ्या. तू ओळखतेस मला."

"तिथली बाई पाय पसरून झोपते, राडोश. तुझ्या दिव्याच्या भरवशावर."

"डिसेंबरात कुठला पूर? जा, बस. आई बघतेय."

ओलिवेरा टेबलाशी जाऊन बसली. खजिन्याची सहा-सात मंडळी तिथेच होती, घेवड्यावर ताव मारत. शेजारी सिनिशा, सगळ्यांत जुना सभासद.

"तू बघितल्यास का रे त्या पेट्या?" तिनं हळूच विचारलं.

सिनिशानं माशातला काटा काढण्यात फार वेळ घालवला. "ऑक्टोबरात."

"मग?"

"मग काय? पुढच्या महिन्यात माझा अर्ज आहे. हिचाही आहे, त्याचाही आहे. मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची?" त्यानं तिच्या ताटात पाव ठेवला. "खा. आपलेच दात, आपलेच ओठ."

तिला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण तिलाही हेच ऐकायचं होतं. भीड भिकेची बहीण. ती उठली, संताच्या चित्रापुढे जळणाऱ्या मेणबत्तीशेजारी उभी राहिली, फोन काढला. पेट्यांचे फोटो जोडले, अनामत ठेवली, नाव लिहिलं. 'हरकत'वर बोट नेलं. तिनं दाबलं.

टेबलावरचे फोन एकामागून एक घुरघुरले. चमचे थांबले.

"कोण गेलं?" आईनं घाबरून विचारलं.

"कुणी नाही, आई," राडोश दारातून म्हणाला. त्याच्याही हातात फोन होता.

सहाला दहा मिनिटं होती. कुणी मान वर करेना. ओलिवेराला वाटलं, आता अनामतही गेली आणि कुमही गेला. हातात उरणार फक्त तो हिरवा दिवा. घड्याळाचा काटा पुढे पुढे जात होता आणि सगळे घेवड्याकडे असे बघत होते, जणू दाणे निवडायचे आहेत.

राडोश ओलिवेराकडे बघत नव्हता. तो बाकीच्यांकडे बघत होता, एकेकाकडे.

"कुणी विचारतसुद्धा नाही की खरं का खोटं?" तो म्हणाला. "म्हणजे माहीत होतं. सगळ्यांना."

"अरे, तुझ्यासाठीच आम्ही—" सिनिशा म्हणाला.

"माझ्यासाठी? आपापल्या अर्जासाठी! आणि मी मूर्ख, मला वाटत होतं मी तुम्हाला फसवतोय."

त्यानं अंगठ्यानं काहीतरी दाबलं. फोन पुन्हा घुरघुरले. ओलिवेरानं बघितलं: हरकतीला दुजोरा, राडोश. अर्जदारानं स्वतःविरुद्ध दुजोरा देऊ नये असा नियम कुणी केला नव्हता. तशी गरज पडेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

हप्ता थांबला.

तिला रडू फुटलं. ती त्याच्याकडे गेली. "कुम..."

"उद्या जातो आणि दिवे बंद करतो," तो म्हणाला. "तोवर त्या बाईला सांग, रात्री पाण्याकडे लक्ष ठेव म्हणून."

त्यानं तिला खुर्ची सरकवून दिली. स्लावाच्या दिवशी पाहुण्याला कुणी दार दाखवत नाही. मासा वाढला, तिचा पेला काठोकाठ भरला.

"घे, ओलिवेरा," तो म्हणाला.

तिच्या लग्नानंतर त्यानं तिला नावानं हाक मारली, ती ही पहिल्यांदा.