पामूनचा कमरपट्टा

मी एक जुना कमरपट्टा आहे, बैलाच्या कातड्याचा, पितळी बकलाचा. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळका आहे.

नाईलकाठच्या एका चांभाराने मला शिवलं. तिथल्या रोमन छावणीत पामून नावाचा तरुण भरती झाला, त्याने सम्राटाची शपथ घेतली आणि शंभर शिपायांवरच्या शतपतीने मला त्याच्या कमरेला बांधलं. पट्टा असेल तरच शिपाई. कुणी चुकला, तर पट्टा काढून त्याला दिवसभर चारचौघांत उभं करत. अकरा वर्षांत पामूनवर ती वेळ आली नाही. रोज सकाळी तो मला एरंडेल चोळायचा. तो माझा होता, दुसऱ्या कुणाचाही नाही.

मग त्याची बहीण ताएसिस त्याला एका घरी नेऊ लागली. तिथे ख्रिस्ती लोक प्रार्थनेला जमत. आत जाताना तो मला दाराबाहेरच्या खुंटीला टांगायचा. आतून गाणी ऐकू आली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्यापेक्षा जवळचं असं आत होतं तरी कोण? पुढे एरंडेलही थांबलं. मी कडक झालो, बकलाचा काटा अडकू लागला.

सम्राटाचा उत्सव आला. सम्राटाला देव मानून प्रत्येक शिपायाने वेदीवर धूप टाकायचा होता. पामून पुढे झाला, पण त्याने हात धुपाला लावला नाही, मला लावला.

"साहेब, मी आता ख्रिस्ताचा झालोय. हा पट्टा परत घ्या."

"वेडबिड लागलंय का तुला?" शतपती कास्टोर खेकसला. "मुंडकं जाईल! चिमूटभर धूप टाक नि मोकळा हो. मनात कुणाला पुजायचं ते पूज, बघायला कोण येतंय?"

पामून काटा काढू लागला. मी सोडला नाही, सगळं बळ लावून धरून बसलो. त्याचा अंगठा फाटला, रक्त आलं.

"बघा रे, पट्टाच सोडेना याला!" शिपाई हसले. मला वाटलं, जिंकलो.

तेव्हा पामून अगदी हळू म्हणाला, "सोड बाबा आता. लई साथ दिलीस."

मी सैल झालो.

त्याच दुपारी तटाबाहेर त्याचं डोकं उडवलं. ताएसिसने कांदे बांधून आणलेलं फडकं त्याच्या रक्तात भिजवलं. आज ते हुतात्म्याची खूण म्हणून चांदीच्या पेटीत असतं, लोक त्याचे मुके घेतात. कालचं ते फडकं! मी मात्र कोठारात धूळ खात पडलो.

पुष्कळ वर्षांनी पामूनचा छावणीतला जोडीदार हिएराक्स मला त्या पेटीपाशी घेऊन गेला. "ताई, हाही ठेवा की आत."

"हा?" म्हातारी ताएसिस फणकारली. "हा तर माझ्या भावानं टाकून दिला होता. टाकलेली वस्तू कुणी देवापुढं ठेवतं होय?"

ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, त्याचं पहिलं रक्त माझ्यावर सांडलंय, त्या फडक्यावर नाही! पण मला वाचा नव्हती, तेच बरं झालं. ते रक्त कुणी काढलं, हेही मग सांगावं लागलं असतं.

मित्रांनो, आपलं माणूस जायला निघालं तर त्याला मायेने सोडा. पामूनला त्या दिवशी पहिली जखम वैऱ्याने केली नाही. ती मी केली.