पेशीतली ऊब

थोरल्या भावाला पहिला मुलगा झाला, त्या वर्षी चिसातो नुमाकुरानं जपानमधल्या सेंदाई शहरातली प्रयोगशाळा सोडली आणि ती घरच्या टोफूच्या दुकानात उभी राहिली.

प्रयोगशाळेतलं काम असं, की जिवंत पेशीत एक रंग सोडायचा. सूक्ष्मदर्शकाखाली तो चमकतो, पेशी तापली की मंदावतो. त्या मंदपणावरून आतलं तापमान काढायचं. एका औषधानं पेशी दोन अंशांनी तापते, असं तिच्या गुरूंनी, कुरामोची सेन्सेईंनी, जाहीर केलं होतं. चिसातोला दिसलं, की त्या औषधानं पेशी आंबट होते, आणि आंबटपणानंही रंग मंदावतो. हे गुरूंना एकट्याला गाठून सांगायचं, तर तिनं परगावच्या पाहुण्यांदेखत भर बैठकीत सांगितलं. सेन्सेई एवढंच म्हणाले, "पुन्हा मोज." पण नंतर त्यांनी तिच्या हाती काही कामच दिलं नाही.

पुतण्या शाळेत जायला लागला, त्या उन्हाळ्यात सेन्सेई मिठाईचा डबा घेऊन दुकानात आले.

"मऊ देऊ की घट्ट?" चिसातोनं गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं.

"दोन्ही दे. नवा रंग केलाय. आंबटपणाला तो दाद देत नाही."

"बरं मग?"

"पेशी तेवढी तापतच नाही. तुझं खरं होतं. आता नवा लेख लिहायचाय, पहिलं नाव तुझं. येतेस?"

आतून वहिनी म्हणाली, "न्या हो सेन्सेई. इथं टोफू कमी कापते, आम्हालाच जास्त कापते."

सेन्सेई हसले. चिसातो हसली नाही. "मला आता काही आठवत नाही," ती म्हणाली. "टोफू आजच संपवा, उकाडा आहे."

पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की मान डोलवायची, ही तिकडची रीत. हो तिच्या ओठांवर आलंच होतं. पण अपराधी माणूस दुसऱ्यांदा विचारायला धजत नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही. सेन्सेई कमरेत वाकले आणि निघून गेले.

थंडी पडली की आपणच जाऊन भेटू, असं ती वहिनीला म्हणत राहिली. लेख लिहायचा राहिला.

कुरामोची सेन्सेई त्याच वर्षी नोव्हेंबरच्या एकवीस तारखेला वारले.