चाळीस आकडे

"उसाचा पाला पेटवत्यात लोकं, आन् बोल आमच्या बाटलीला," जिन्याच्या दाराशी उभा वॉचमन बाळासो पुटपुटला. "वाऱ्याला काय आमी गेटपास देतोय?"

गच्चीवर पोचलेल्या अनुजा मॅडमनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या पुण्याच्या प्रयोगशाळेतून मुद्दाम आल्या होत्या. सलग तीन मंगळवार कोल्हापूरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड भलताच जास्त निघाला होता. आजही तसंच झालं, तर इथलं हवेचे नमुने घेण्याचं केंद्र बंद करायचं वरून ठरलं होतं.

कृष्णात बाटली पुसत होता. शिपाई म्हणून लागला आणि एकोणीस वर्षं दर मंगळवारी हवा भरून पाठवत आला. काम म्हटलं तर पोरखेळ. काचेच्या बाटलीतली हवा आधीच उपसलेली. वाऱ्याकडे तोंड करायचं, श्वास रोखायचा, तोटी उघडायची, चाळीस आकडे झाले की बंद. माणसाचा उसासा जरी आत शिरला, तरी नमुना बाद.

"मामा, तोटी गळतेय का?" अनुजा मॅडमनी विचारलं.

"न्हाय जी."

"घरी सगळं ठीक?"

"व्हय."

बाळासो खाकरला. "ते झाल्यापासनं जेवत न्हाईत येळंवर." 'ते' म्हणजे काय, हे महिनाभर ऑफिसात कुणीच उच्चारलं नव्हतं.

"बरं, भरा. मी बघते."

कृष्णातने बाटली उंच धरली, तोटी उघडली. सूंऽऽ आवाज झाला आणि त्याचे ओठ हलले. "एक... दोन... तीन..."

"मामा! तोंडानं काय मोजताय?"

तो थांबला नाही. चाळीसला तोटी बंद केली, चिठ्ठी चिकटवली, नेहमीच्या वळणदार अक्षरात तारीख घातली.

बाळासोची नजर जिन्याकडे गेली. तिथे, बोलणाऱ्याचा श्वास बाटलीपर्यंत पोचू नये म्हणून वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला, एक प्लास्टिकचं स्टूल होतं. कृष्णातच्या बायकोनं मंगळवारी डबा घेऊन यायचं, त्यावर बसायचं आणि "बावीस, हलू नगा, तेवीस" असं खणखणीत ओरडायचं, हे ठरलेलं असे.

अनुजा मॅडमनी दुसरी बाटली पुढे केली. "ही शेवटची. आता मनात मोजा."

कृष्णातने ती घेतली. काच शर्टाच्या टोकाने पुसली.

"मनात मोजाय गेलं की आवाज तिचाच येतोय," तो तारीख सांगावी तसा म्हणाला. "मी श्वास धरायचो, आकडं चिमणाबाई मोजायची. ती मेली, मॅडम."