झिपरूची सव्वा मूठ

"अक्का, यंदा नावं मोबाईलवरून वाचू ना," असं म्हणत पूनमनं सासूपुढचं सूप हळूच आपल्याकडे ओढलं.

झुंबरबाईनं ते परत ओढलं. "काब्रं? मी मरी गयी का?"

अक्काच्या एमआरआयचं सगळ्यांना कळलं होतं. मागच्याच आठवड्यात धुळ्यातल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली होती: इतक्या वर्षांच्या शुगरनं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात, आठवणींचा भाग थोडा आकसलाय. "मिरची वाळस, कैरी वाळस," अक्का डॉक्टरांना म्हणाली, "मंग मेंदू काय वल्ला ऱ्हाई?" पण तेव्हापासून ती भाजी निवडतानाही भावकीची नावं पुटपुटत होती.

खान्देशातल्या कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, भावकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचा. नाव घेतलं की त्यानं 'हा' म्हणायचं. सासू गेल्यापासून हा मान झुंबरबाईचा. नाव चुकलं तर कानबाई रागावते म्हणतात. चुकलेला माणूस त्याहून जास्त रागावतो.

"एक जरी नाव चुकनं, ते सूप तुनं," अक्कानं सुनेला सांगून टाकलं.

धरणगावहून टेम्पोनं आलेली भावकी दाटीवाटीनं बसली. अक्काचा मुलगा ललित मोबाईलवर भावकीचा ग्रुप उघडून पडताळायला बसला.

"कुंदन!"

"हा."

"झिपरू!"

कोणीच हा म्हणेना. ललितनं ग्रुप वरखाली केला. "अक्का, झिपरू नाहीये यात."

पूनमचा हात सुपाकडे निघालाच होता.

"ग्रुपमा नही, म्हणजे जलमनाच नही का तो?"

तेव्हा कुंदन खाकरला. झिपरूकाका रोज पहाटे गुलाबाची फुलं पाठवतात म्हणून त्यानंच त्यांना ग्रुपमधून काढलं होतं. मग टेम्पोवाल्याला आठवलं, "पारोळ्याला चहाला उतरले होते ते." परत चढताना मात्र कोणी पाहिलं नव्हतं. टेम्पोत पिशवी सापडली, पिशवीत मोबाईल. टोपी-धोतरातला अख्खा माणूस हायवेवर विसरून भावकी धुळ्यात पोहे खाऊन बसली होती. एमआरआय न काढलेले सगळे मेंदू जमिनीकडे बघू लागले.

"मना मेंदू वाळेल शे," अक्का म्हणाली. "तुमना बठ्ठासना काय भिजेल शे?"

कुंदन मोटरसायकल काढून पारोळ्याकडे सुटला. पूनमनं सूप दोन्ही हातांनी सासूपुढे सरकवलं. झिपरूची सव्वा मूठ पडली आणि टाळ्या झाल्या. कानबाईपुढे अशा टाळ्या कोणी वाजवत नाही, पण झाल्या.

पुढची नावं सरसर गेली. घरच्या मुलाचं नाव शेवटी. मूठ भरून अक्का ललितकडे बघत राहिली. तो पायाळू जन्मला, हे तिला आठवत होतं. खान्देशात जन्मून तो भरीत खात नाही, हा कलंकही आठवत होता. ओठ हलले, पण नाव आलं नाही.

पूनमनं ललितच्या हातातला मोबाईल घेऊन पालथा ठेवला.

"आनि हाऊ," अक्का त्याच्याकडे मूठ दाखवत म्हणाली, "मना."

"हा," ललित म्हणाला.

मूठ उघडली. मग अक्कानं आणखी एक भरली, पुरती, आणि तीही सुपात सोडली. सव्वाच्या हिशेबात ती बसत नव्हती. कोणी मोजलं नाही.