भुऱ्याची शिकवणी

वहाणेचा अंगठा पार कुरतडून टाकलेला होता. धोंडीबाने ती वहाण डाव्या हातात उचलली, उजवा हात डोक्याच्या वर नेला आणि स्वयंपाकघरात शिरता शिरता ओरडला,

“थांब, आज तुजं कातडंच सोलतो!”

भुऱ्या पळाला नाही. पाच महिन्यांचं ते पिवळट गावठी पिल्लू उंबऱ्याजवळ झटकन मागचे पाय मोडून बसलं. कान टवकारून, शेपटीने जमीन झाडत ते वर गेलेल्या पंजाकडे बघायला लागलं. नजरेत भीती तर नव्हतीच, उलट आता यातून काहीतरी खायला पडणार अशी खात्री होती.

धोंडीबाला हसूच आलं असतं, पण तेवढ्यात त्याची नजर पिल्लाच्या मागे गेली.

चुलीपुढे त्याची बायको केवळाबाई भाकरी थापत बसली होती. थापता थापता तिचे हात थांबले होते. डावं कोपर तोंडापुढे आलं होतं, मान खांद्यांत गेली होती आणि डोळे घट्ट मिटलेले होते. तव्यावरची भाकरी करपत होती, तरी ती हलली नाही.

हे सगळं दोन श्वासांपुरतंच. मग तिचं कोपर खाली आलं. पदर सावरण्यासाठीच हात वर नेला होता असं दाखवत तिने पदर डोक्यावर ओढला, भाकरी उलटली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली,

“च्या निवायलाय. घ्या.”

धोंडीबाचा हात अजून वरच होता. तो खाली कसा आणायचा, हेच त्याला सुचेना.

आता धोंडीबा हा काही मारकुटा माणूस म्हणून बोरी गावात प्रसिद्ध नव्हता. दारूला तो शिवला नाही, पत्त्यांच्या डावाला बसला नाही. ढोरांच्या सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं ड्रेसर म्हणून काढली आणि चार वर्षांपूर्वी शाल-नारळ घेऊन घरी आला. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, आणि डॉक्टर सुई टोचत असताना जनावर आवळून धरणं, हे त्याचं काम. तो हे काम इतकं चोख करायचा, की डॉक्टर बदलून जायचे पण धोंडीबा तिथेच राहायचा. अवघड जनावर आलं की डॉक्टर म्हणायचे, “धोंडीबा, जरा हात दाखव.” धोंडीबा पुढे होऊन नुसता उजवा हात वर करायचा. आधी एकदा मार खाल्लेला गोऱ्हा असला तर तेवढ्यानेच काम व्हायचं. कान मागे, मान आत, डोळे अर्धे मिटलेले. मालक तोंडात बोट घालायचा आणि धोंडीबा म्हणायचा, “ह्याला वळण लागलंय.”

तीच मान त्याने आज चुलीपुढे बघितली होती. ओळखण्यात त्याची चूक होणं शक्यच नव्हतं, सगळी नोकरी त्याने हेच बघण्यात काढली होती.

भुऱ्याला घरी आणलं ते लेकीने, बबिताने. ती मानवतला दिलेली. तिथल्या गल्लीत कुत्री मेली म्हणून पिल्लू पिशवीत घालून माहेरी घेऊन आली. पिल्लाने पहिल्या दोन महिन्यांत दोन चादरी, एक चार्जर आणि शेजारच्या तानुबाईची एक कोंबडी संपवली. कोंबडीवरून तानुबाईने अख्खी आळी डोक्यावर घेतली, तेव्हा धोंडीबा पोतं घेऊन उठला. पोखर्णीला नरसिंहाच्या देवळापाशी नेऊन सोडतो म्हणाला, परसादावर जगेल.

केवळाबाई दारात आडवी झाली.

“एक महिना द्या. म्या शिकविते त्याला. महिन्यानं न्हाई सुधारलं, तर खुशाल न्या.”

“तू शिकवणार? आन् ते कसं?”

“बबितीनं सांगितलंय तसं. फकस्त येक करा. त्याला हात लावायचा न्हाई. महिनाभर कुनीच न्हाई.”

अडतीस वर्षांच्या संसारात तिने आडवं होऊन मागितलेलं हे पहिलंच काही होतं. धोंडीबाला गंमत वाटली. नरसिंहाची आण घेऊन त्याने शब्द दिला आणि पोतं पुन्हा माळ्यावर टाकलं.

मग सुरू झाली भुऱ्याची शिकवणी. बबिता मोबाइलवर तोंड दाखवून सांगायची, “माय, चुकलं तर वरडू नको. तिकडं ध्यानच देऊ नको. बराबर केलं की त्याच घडीला ‘हां’ म्हन आन् तुकडा दे. उशीर केलास तर त्याला कळत न्हाई, कशाचा दिला ते.” केवळाबाई ओच्यात शिळ्या भाकरीचे शेंगदाण्याएवढे तुकडे घेऊन अंगणात बसायची. हात वर, पिल्लू बसलं, “हां!”, तुकडा. दिवसातून चार वेळा, थोडा थोडा वेळ. मग कोंबड्यांची पाळी आली. आधी कोंबडी पार उकिरड्यावर असताना, मग गोठ्याजवळ, मग अंगणात. भुऱ्याने कोंबडीवरची नजर काढून केवळाबाईकडे बघितलं की “हां!” आणि तुकडा.

धोंडीबा बाजेवर बसून चेष्टा करायचा. “कुत्रं हाय का जावाई? उठता-बसता घास चारायलीस.”

ती नुसती हसायची. पण विसाव्या दिवशी तानुबाईची कोंबडी त्याच्या नाकासमोरून दाणे टिपत गेली आणि भुऱ्या लाळ गाळत जागेवर बसून राहिला. तानुबाईने कुंपणापलीकडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. “आगं केवळाबाई, माजा नातू बी एवढं आयकत न्हाई गं!” धोंडीबाने तेव्हा वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं होतं. आपण हरतोय हे त्याला कळत होतं, आणि ते त्याला फारसं आवडलं नव्हतं.

आज सव्विसावा दिवस. शनिवार. पोखर्णीला दर्शनाला जायचं म्हणून त्याने वहाणा शोधल्या, तर एकीची ही गत.

चहा न पिताच तो बाहेर पडला. पायात जुनी रबरी चप्पल होती. डोकं उघडंच राहिलं होतं, हे त्याला स्टँडवर आल्यावर कळलं. टोपी स्वयंपाकघराच्या दारावरच्या खुंटीला होती. परभणीची गाडी आली, माणसं चढली, गाडी गेली. धोंडीबा बाकावर बसूनच होता.

तो आठवत होता. किती वेळा? एकदा पोरगा अमृत लहान असताना दूध उतू गेलं तेव्हा. एकदा पाहुण्यांसमोर ती उलटून बोलली तेव्हा. आणि एकदा शेळी कापसात शिरली तेव्हा, त्या वेळी जरा जास्त. तीनदा. शेवटच्या वेळेला बबिता पाळण्यात होती. म्हणजे तीस-एकतीस वर्षं झाली. त्यानंतर त्याने बायकोवर बोटसुद्धा उगारलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो मनातल्या मनात स्वतःच्या चांगुलपणात धरत आला होता.

त्याने बबिताला फोन लावला.

“बाबा? पोखर्णीला जायलेत का?”

“जायलोय. एक सांग. ते कुत्र्याला बस म्हनायचं, तर हात असा वरच करायचा असतो का? तुज्या त्या व्हिडिओत?”

“न्हाई की. म्या तर मूठ नाकापाशी धरून वर उचलाया सांगितली हुती. मायनंच बदललं. म्हनली, हात वर केला की बसाया शिकविते.”

“का पर?”

फोन कट झाला की काय म्हणून त्याने कानापासून काढून बघितला.

“बाबा,” ती शेवटी म्हणाली, “माय तुमच्या उजव्या अंगानं कदी वाढती का, बगितलंय कदी?”

“म्हंजे?”

“काई न्हाई. जावा तुमी दर्शनाला.”

तो दर्शनाला गेला नाही. चालत घरी आला. उन्हाने डोकं तापलं होतं. केवळाबाईने पाणी दिलं, एवढ्या लवकर वापस कसे आलात म्हणून विचारलं नाही, आणि ताट वाढायला घेतलं.

धोंडीबा रोजच्या पाटावर बसला. चूल त्याच्या उजव्या हाताला होती. तव्यावरून भाकरी काढून थेट ताटात टाकता येईल, इतकी जवळ. केवळाबाई उठली, भाकरी घेऊन त्याच्या पाठीमागून वळसा घालून डाव्या बाजूला आली आणि तिथून वाढली. पिठलं आणायला गेली, पुन्हा वळसा. कांदा, पुन्हा वळसा. गुडघे दुखतात म्हणून ती प्रत्येक वेळी भिंतीला हात टेकत होती. हा वळसा तो एकतीस वर्षं रोज दोनदा बघत आला होता. चूल धुरते म्हणून करत असेल, असं काहीतरी त्याने कधीतरी धरून टाकलं होतं. नाहीतर काहीच धरलं नव्हतं. त्याने बघितलंच नव्हतं.

आणि मग टोपी आठवली. रोज सकाळी तो खुंटीवरची टोपी काढायला हात वर करायचा, तेव्हा केवळाबाई कुठे असायची? मागच्या दारी. रोज. राख टाकायला, नाहीतर शेळीला पाणी दाखवायला. तो हाक मारायचा, “अगं, येतो गं,” आणि ती मागूनच ओ द्यायची.



“केवळा,” तो म्हणाला. तिला नावाने हाक मारून कित्येक वर्षं झाली होती. ती दचकून वर बघायला लागली. “म्या सकाळी तुला मारणार नव्हतो. कुत्र्यावर उगारला हुता हात.”

“ठावं हाय मला.”

“मग?”

भुऱ्या तिच्या मांडीला टेकून पडला होता. त्याच्या कानामागे ती खाजवत राहिली.

“मला कळतंय वो,” ती म्हणाली. “टोपी घ्यायला हात वर करायलेत, ते बी कळतंय. पर अंगाला न्हाई कळत. अंग आपलं आपूनच गोळा हुतंय.”

“तीनदाच की गं. एवढ्या वर्सात.”

“तुमी मोजलं व्हय?” तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. “म्या न्हाई मोजलं. म्या पुढच्याचीच वाट बगत बसले.”

धोंडीबाला वाटलं, आपल्याला कुणीतरी दवाखान्यातल्या ढोरासारखं खोड्यात घालून आवळलंय. त्याला काहीतरी बोलायचं होतं. माफी मागायची तर ती कशी मागतात, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याने भलतंच विचारलं.

“मग ह्याला हात वर करूनच का शिकवलंस?”

केवळाबाईने ओच्यातून एक तुकडा काढला. हात वर केला. भुऱ्या उठून ताठ बसला, डोळे तिच्या पंजावर. “हां,” ती म्हणाली आणि तुकडा दिला.

“ल्हान हाय तवाच शिकवून ठिवावं म्हनलं,” ती म्हणाली. “ह्या घरात ऱ्हायाचंय त्याला. वर गेलेल्या हातातून भाकर पडती, एवढंच त्याला ठावं असावं. दुसरं काई ठावंच नसावं.”

ताट तसंच टाकून धोंडीबा उठला आणि अंगणात जाऊन बसला. तिन्हीसांजेपर्यंत तिथेच होता. भुऱ्या त्याच्याजवळ येऊन त्याचा उजवा हात चाटून गेला, तेव्हा त्याला रडू फुटलं. तानुबाई कुंपणापलीकडून बघत होती. बापई माणूस असा रडताना तिने कधी बघितला नव्हता, ती मुकाट्याने आत निघून गेली.

रविवारी सकाळी शेळीला पाणी दाखवून केवळाबाई आत आली. धोंडीबा हातोडी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उकिडवा बसला होता. चौकटीवरची खुंटी उपटलेली होती. वर तिचं नुसतं भोक राहिलं होतं. खाली, त्याच्या मांडीच्या उंचीवर, तीच खुंटी ठोकून त्याने टोपी अडकवली होती.

“इतक्या खाली?” केवळाबाई म्हणाली. “कुत्रं न्हेईल की टोपी.”

“न्हेऊ दे.”

तिने खुंटीकडे बघितलं, मग वरच्या भोकाकडे बघितलं. चुलीपाशी जाऊन तिने चहा गाळला आणि पाटावर बसलेल्या धोंडीबाकडे कप घेऊन निघाली. सवयीने पाठीमागून वळसा घालायला लागली, आणि अर्ध्यात थांबली. धोंडीबाने आपला उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. मान खाली घालून तो वाट बघत होता.

मग वळसा पुरा करून तिने कप त्याच्या डाव्या बाजूला ठेवला.

“घ्या,” ती म्हणाली. “निवंल.”

धोंडीबाने डाव्या हाताने कप उचलला. भुऱ्या खुंटीवरच्या टोपीला तोंड न लावता तिच्यासमोर बसून तुकड्याची वाट बघत होता.